अण्णांची पेटी आणि न लावलेले कुलूप

ठाणे,
दि. 21 सप्टेंबर 2025

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, त्याला आता चौदा महिने होतील. कारणे पुष्कळ सांगता येतील, पण त्यांतले एकही तू मानणार नाहीस, म्हणून सांगत नाही. फोन का केला नाही असे विचारशील, तर फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘अरे, ते असू दे’ म्हणून विषय बदलतोस, आणि या खेपेला मला तो बदलू द्यायचा नाही. प्रकृती ठीक आहे. जूनमध्ये उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, साखर आटोक्यात आहे, बाकी वयाप्रमाणे जे असायचे ते आहे.

मधू, मला वाटते, मी अण्णांची पेटी ऐकली. ‘पाहिली’ असे मुद्दामच लिहीत नाही, कारण आधी ती ऐकू आली आणि पाहण्याचे धैर्य नंतर करावे लागले. गौरी जेवल्या त्या संध्याकाळी आम्ही घणसोली गावात सुनीलच्या सासुरवाडीला गेलो होतो. तिथे भजनी मंडळ बसले होते. मी बाहेर ओट्यावर चहा घेत होतो, आणि आत कोणीतरी पेटी उघडून नुसता भाता हलवला. सूर अजून लागलाच नव्हता. सूर लागण्यापूर्वी भात्यातून जो सुस्कारा निघतो, तेवढाच आला. अण्णा तिला ‘दमेकरी’ म्हणत असत, आठवते? ‘दमेकरी आहे, पण गाते कशी बघा,’ असे म्हणून ते पहिला षड्ज धरीत. तोच सुस्कारा, आणि त्याच्यामागून तसाच किंचित घोगरा खर्ज. माझ्या हातातली बशी हलली आणि चहा धोतरावर सांडला. (होय, गौरी-गणपतीला मी अजून धोतर नेसतो. हसून घे.)

आत जाऊन बसलो. पेटी सागवानी आहे, वरून गडद पॉलिश चढवलेले आहे, आणि डाव्या अंगाला उदबत्तीने भाजल्यासारखा एक डाग आहे. तारसप्तकातली एक पट्टी बाकीच्यांपेक्षा फिकी आहे. अण्णांच्या पेटीची एक पट्टी बदललेली होती हे मला पक्के आठवते. ती तारसप्तकातली की मध्यातली, हे मात्र आठवत नाही. डाग होता की नाही, तेही आठवत नाही. ती चोरीला गेल्यापासूनच्या एकोणचाळीस वर्षांत मी ती पेटी मनात इतक्या वेळा उघडली आहे की आता मूळचे किती आणि मी चढवलेले पॉलिश किती, हे मला सांगता येत नाही.

हे सगळे मी कदाचित स्वतःशीच ठेवले असते, पण गेल्या वर्षी नातवाने मला एक हकीकत सांगितली होती आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. तो हल्ली बास गिटार वाजवतो. अण्णा असते तर ‘कपाळावर केस आले की हातात गिटार येते’ हे त्यांचे ठरलेले वाक्य त्यांनी ऐकवले असते. तर बीटल्समधला पॉल मॅकार्टनी तुला ठाऊक आहेच. बंड्याच्या खोलीत आपण ती रेकॉर्ड चोरून ऐकत होतो आणि तू ‘तालाला बरे आहेत’ असा निकाल दिला होतास. त्याने 1961 मध्ये हँबर्गला सुमारे तीस पौंडांना एक हॉफनर बास घेतला होता. व्हायोलिनच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी सारखा, कारण हा गृहस्थ डावखुरा, आणि तसे वाद्य उलटे धरले तरी वेडेविद्रे दिसत नाही. बीटल्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींवर तोच बास वाजतो. तो चोरीला गेला, आणि पन्नासहून अधिक वर्षे कोणाला सापडला नाही.

का सापडला नाही, हे ऐक. तो 1969 च्या जानेवारीत लंडनच्या एखाद्या स्टुडिओतून नाहीसा झाला, असे सगळे धरून चालले होते. म्हणजे शोधणारे चुकीच्या वर्षात आणि चुकीच्या जागी शोधत होते. 2023 च्या सप्टेंबरात शोधाची नव्याने हाक दिली गेली, आणि तेव्हा मॅकार्टनीच्या पुढच्या वाद्यवृंदाचे सामान सांभाळणाऱ्या एका माणसाने पत्र पाठवून कळवले की बास त्याच्या ताब्यातून गेला होता. 10 ऑक्टोबर 1972 च्या रात्री त्याने सामानाची गाडी लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभी केली होती आणि कोणीतरी मागचे कुलूप फोडून माल नेला होता. तेवढे कळल्यावर धागा सरळ झाला. चोराने तो बास त्याच भागातल्या एका पबच्या मालकाला विकला होता, तिथून तो एका घरातून दुसऱ्या घरात गेला, आणि शेवटी ससेक्समधल्या एका घराच्या माळ्यावर मिळाला. हॉफनर कंपनीच्या जाणकारांनी तो तपासून खरा ठरवला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये बातमी जाहीर झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात म्हाताऱ्याने लंडनच्या रंगमंचावर तो वाजवलाही.

नातू मॅकार्टनीविषयी बोलत होता आणि मी त्या गाडीवाल्याविषयी विचार करीत होतो. चोरीच्या दुसऱ्या दिवशी तो मालकाच्या दारात जाऊन उभा राहिला. मालक म्हणाला, काळजी करू नकोस. त्याला नोकरीवरून काढलेही नाही. तरीही ते ओझे आपण जन्मभर वाहिले, असे त्याने इतक्या वर्षांनी सांगितले.

त्याच्या गाडीला कुलूप तरी होते, मधू.

आता हे वाक्य लिहिण्यासाठीच मी हे पत्र लिहायला घेतले आहे, तेव्हा लिहून टाकतो. 1986 च्या भाद्रपदात, गडकरी रंगायतनमधला कार्यक्रम संपल्यावर, मासुंदा तलावाच्या कडेला उभ्या असलेल्या मॅटॅडोरला मी कुलूप लावले नव्हते. फक्त कडी सरकवली होती. कुलूप माझ्या खिशात होते. तुम्ही सगळे आत पाटणकर मास्तरांच्या पाया पडत होता, मला भूक लागली होती, आणि वडापाव घेऊन पाच मिनिटांत परत येऊन लावू असा माझा हिशेब होता. पाच मिनिटांची वीस कशी झाली, हेही तुला ठाऊक आहे, कारण ती मंगलताईंची बहीण तिथे उभी होती आणि त्यावरून तू मला पुढे दोन वर्षे छळलेस. परत आलो तेव्हा कडी उघडी होती. तबले होते, तंबोरा होता, पेटी नव्हती. तू विचारलेस, ‘कुलूप लावले होतेस ना?’ आणि मी ‘हो’ म्हणालो.

त्या एका ‘हो’चा परिणाम काय झाला, हे मी त्या लंडनच्या हकिकतीनंतर प्रथमच नीट मांडून पाहिले. कुलूप लावलेले होते, ते फोडलेले दिसत नव्हते, म्हणजे किल्लीने उघडले, आणि दुसरी किल्ली बाळूकडे. हा सगळा तर्क माझ्या शब्दावर उभा होता. बाळूला चौकीवर दोन दिवस बसवून ठेवले, त्याच्या गावाकडच्या घराची झडती झाली, मंडळाचे काम त्याच्याकडून गेले. आपण स्वतः कुठे शोधले? कळव्यात, मुंब्र्यात, बाळूच्या ओळखीपाळखीत. वास्तविक ती पेटी तलावावरून जाणाऱ्या कोणीही उचलली असेल आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेलाइनच्या पलीकडे विकली असेल. घणसोली तेव्हा आपल्या लेखी दुसऱ्या खंडात होती. ठाण्याहून तिकडे जाणारी लोकलसुद्धा नव्हती. आज मी दिघा, ऐरोली, रबाळे, की चौथे स्टेशन, असा पाव तासात तिथे पोचतो. पेटी इतक्या जवळ असेल, तर आपण तिला शोधले नाही ते माझ्यामुळे.

तुला बहुधा हे ठाऊकच असेल. मला अनेकदा तसे वाटले आहे. अण्णांना तर नक्कीच ठाऊक होते. त्यांनी ‘जाऊ दे रे, वस्तू आहे’ असे म्हटले, ते माझ्याकडे पाहून म्हटले, तुझ्याकडे नव्हे. त्यानंतर तू आणि मी चहाच्या पंच्याऐंशी रुपयांवरून भांडलो आणि वर्षभर बोललो नाही. ते पंच्याऐंशी रुपये मी दिले होते, यावर मी आजही ठाम आहे; पण भांडण त्यांचे नव्हते.

रोमन टोटेनबर्ग या व्हायोलिनवादकाचे 1734 सालचे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन 1980 मध्ये अमेरिकेत एका कार्यक्रमानंतर चोरीला गेले. ते 2015 मध्ये मिळाले आणि त्याच्या मुलींच्या हाती आले. तो स्वतः 2012 मध्ये वारला होता, वयाच्या 101 व्या वर्षी. नातवाने हे सहज सांगितले आणि मी उठून गच्चीवर गेलो. अण्णांना जाऊन सव्वीस वर्षे झाली.

दुसरीही गोष्ट आहे, ती तुझ्या स्वभावाची. ब्रॉनिस्लाव्ह ह्यूबरमन या व्हायोलिनवादकाचे स्ट्रॅडिव्हेरियस 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या त्याच्या खोलीतून गेले, आणि ज्याच्याकडे ते पोचले त्या वादकाने ते ओळखू येऊ नये म्हणून बुटाच्या पॉलिशने काळे केले आणि जवळजवळ पन्नास वर्षे निर्धास्त वाजवले. मरतेवेळी बायकोला सांगितले. तू म्हणशील, वाजवले तरी. आपल्याकडे बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या चांदीच्या शहनाया गेल्या, त्या वितळवलेल्या चांदीच्या रूपात पोलिसांच्या हाती लागल्या. त्या मानाने बुटाचे पॉलिश हा सत्कारच म्हणायचा.

आणि इथेच माझी खरी अडचण सुरू होते. घणसोलीची ती मंडळी पेटी वाजवतात. नुसती वाजवत नाहीत, जपतात. गणपती उठल्यावर मी पुन्हा दोनदा गेलो, भजनाची आवड असल्याचे सांगून बसलो, आणि ते खोटेही नव्हते. पेटीवाल्या बुवांचे वय सत्तरीचे असावे. ‘ही आमच्या आज्याच्या वेळची नाही, पण माझ्या लग्नाच्या आधीची आहे,’ असे ते म्हणाले. त्यांच्या वडिलांनी ठाण्याच्या एका जुन्या सामानवाल्याकडून घेतली होती. आत सूर देणाऱ्या रीडा पॅरिसच्या आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. भात्याला दोनदा नवीन कातडे लावले आहे. मग सुस्कारा अजून कसा येतो, असे मी विचारले, तर म्हणाले, ‘तो तिचा सोभाव हाय, मी घालवत नाही.’ अशा माणसाला मी काय सांगू? ही पेटी चोरीची आहे, माझ्या चुकीने गेली, आता परत द्या?

कॅनडाचा गिटारवादक रँडी बॅकमन याची गिटार 1976 मध्ये टोरांटोच्या हॉटेलातून गेली होती. त्याच्या एका हितचिंतकाने चेहरे ओळखणाऱ्या संगणकाच्या युक्तीने जगभरच्या विक्रीच्या फोटोंतून लाकडाच्या रेषा जुळवल्या आणि ती टोकियोत एका जपानी वादकाकडे असल्याचे शोधून काढले. बॅकमनने त्याच वर्षाची, 1957 ची, जवळजवळ तशीच दुसरी गिटार मिळवली, आणि 1 जुलै 2022 रोजी टोकियोत दोघांनी एकमेकांच्या हातात गिटारी दिल्या. हे मला पटले. तशी पेटी आपण बुवांना देऊ शकू का? पॅरिस रीडांची जुनी पेटी शोधायची, दुरुस्त करायची, आणि मग विचारायचे. खर्च माझा. यावर वाद घालू नकोस, पंच्याऐंशी रुपये तुझे तुला परत.

पण त्याआधी ती तीच आहे, हे कळले पाहिजे, आणि ते तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. लाकडाच्या रेषा जुळवायला आपल्याकडे पेटीचा एकही फोटो नाही. बंड्याच्या लग्नातल्या फोटोत अण्णा आहेत आणि पेटीवर शाल आहे. अण्णा प्रत्येक दुरुस्तीनंतर पट्ट्यांच्या खाली पेन्सिलीने काहीतरी लिहीत असत. तारीख असे, की स्वर, की नुसती खूण, हे तू जवळून पाहिले आहेस. त्यांच्या वह्याही तुझ्याकडेच असतील. कोणती पट्टी बदलली होती, तेवढे तरी आठवून लिही. मी इथे काहीही सुचवीत नाही, म्हणजे तुझी आठवण माझ्या आठवणीने बिघडणार नाही. बुवा दिवाळीनंतर पेटी उघडून साफ करतात आणि मला ‘या बघायला’ असे म्हणाले आहेत.

बाळू कळव्यात मुलाकडे असतो, असे बंड्याकडून कळले. पेटी तीच निघो वा न निघो, त्याच्याकडे मला जायचे आहे, आणि तिथे मी एकटाच जाणार आहे. काय बोलायचे ते ठरलेले नाही. कुलूप बरोबर नेणार आहे. ते मी अजून फेकलेले नाही.

वहिनींचा गुडघा आता कसा आहे? शंतनूच्या मुलाची मुंज झाली का, की पुढच्या वैशाखात आहे? सांगलीत यंदा पाणी कुठवर आले होते, तेही लिही. वर्तमानपत्रातल्या फोटोंत तुझी गल्ली शोधत होतो.

उत्तर फोनवर देऊ नकोस.

तुझा,
शरद

ता. क. — पट्टी कोणती, ते लिहिताना पेटीचा नकाशा काढ. तुझे ‘वरून तिसरी’ आणि माझे ‘वरून तिसरी’ कधीच एक नसते.