पुस्तकाचा खप वेगळा, सिनेमाचा गल्ला वेगळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत गाजलेल्या कादंबऱ्यांवरच्या सिनेमांबद्दल लेख होता. लेख छानच होता, पण सिनेमा मूळ पुस्तकाशी जितका प्रामाणिक तितका तो जास्त चालतो हे काही पटलं नाही, म्हणून लिहितोय. प्रामाणिक सिनेमा चांगला असू शकतो, पण तो चालेलच असं कुठंय, आणि लेखाचा विषय तर गल्ल्याचा होता.

हिशोब बघा ना. कादंबरीच्या लाखभर प्रती खपल्या की आपण म्हणतो तुफान गाजली, त्यात लायब्ररीवाले आणि मित्राकडून उसनी नेऊन परत न देणारे धरा, तरी मोठ्या बजेटच्या सिनेमाला तेवढी तिकिटं कुठे पुरतात? म्हणजे थिएटर भरायचं ते न वाचलेल्यांनीच. वाचकाचं काम पहिल्या वीकेंडपुरतं, तो येतो, सोबत दोघातिघांना ओढून आणतो आणि बाहेर पडल्यावर कौतुक तरी करतो नाहीतर बोंब तरी मारतो. सोमवारपासून सगळी मदार ज्यांनी पुस्तकाचं फक्त नाव ऐकलंय त्यांच्यावर.

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' घ्या. वर्षानुवर्षं कॉलेजच्या पोरांच्या हातात फिरलेली कादंबरी, 2013 मध्ये संजय जाधवांनी त्यावर सिनेमा केला तेव्हा वाचलेल्या कितीतरी जणांनी नाकं मुरडली की ही आमची दुनियादारी नाहीच, हे का बदललं, ते का घातलं. तक्रार खरीच होती, मलाही काही बदल खटकले. पण सिनेमा चालायचा तो चाललाच, कारण कट्टा, यारी आणि गाणी एवढ्यावर न वाचलेली पोरं खूश होती.

'जॉज'चं तर अजूनच भारी. पीटर बेंचली यांची कादंबरी 1974 ची, स्पीलबर्गचा सिनेमा 1975 चा, म्हणजे पुस्तक गरम असतानाच आला, हे टायमिंगही महत्त्वाचंच. कादंबरीत पोलीस प्रमुखाच्या बायकोचं त्या शार्कच्या अभ्यासकाशी लफडं आहे, मेयरवर माफियाचा दबाव आहे, सिनेमात हे सगळं सरळ उडवलं. उरलं काय, तर समुद्रात शार्क आहे आणि गावाला बीच बंद करायचा नाहीये. एका वाक्यात शेजाऱ्याला सांगता येते ना गोष्ट, बस. माझ्या मते खरी मेख इथेच आहे, चारशे पानांतून असं एक वाक्य काढता आलं पाहिजे आणि त्याच्या आड येणारं सगळं, वाचकांचं कितीही लाडकं असलं तरी, कापायची हिंमत पाहिजे.

मग खर्च. लेखात यावर अक्षर नव्हतं. किशोरवयीन मुलींच्या लाडक्या व्हॅम्पायर-प्रेमकथेवरचा 'ट्वायलाइट' 2008 मध्ये आला, खर्च साधारण 3 कोटी 70 लाख डॉलर आणि जगभरातून कमाई 40 कोटींच्या आसपास. सिनेमा मला अजिबात आवडला नाही, पण बघणारा वर्ग नेमका कोण हे त्यांना माहीत होतं आणि तेवढाच पैसा लावला. याउलट त्याच्या आदल्या वर्षीचा 'द गोल्डन कंपास', खर्च जवळपास 18 कोटी डॉलर, कादंबरीतली धर्मावरची टीका कुणी दुखावू नये म्हणून पातळ केलेली, पुस्तकाचा शेवट पुढच्या भागासाठी राखून ठेवलेला. अमेरिकेत फक्त 7 कोटी जमले. परदेशात चांगला चालला, पण तिकडचे हक्क स्टुडिओने आधीच विकून टाकले होते, त्यामुळे ते पैसे दुसऱ्यांच्या खिशात गेले. पुढचा भाग आलाच नाही, राखून ठेवलेला शेवट तसाच राहिला.

शेवटचं पुस्तक दोन सिनेमांत फोडायची जी टूम निघाली होती तीही यातलीच. हॅरी पॉटरला जमलं कारण लोकांना खरंच बघायचं होतं. 'डायव्हर्जंट' या तीन कादंबऱ्यांच्या मालिकेवर सिनेमे काढणाऱ्यांनी तिसऱ्या पुस्तकाचं तेच केलं, 2016 मध्ये पहिला अर्धा भाग पडला आणि दुसरा अर्धा बनलाच नाही. जे लोक तीन सिनेमांची तिकिटं काढून आले त्यांना गोष्टीचा शेवट थिएटरात मिळालाच नाही, याला काय म्हणायचं!

आणि समीक्षकांचं म्हणाल तर 'द दा विंची कोड'ला त्यांनी यथेच्छ धुतलं होतं, तरी 75 कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला. येशूचं लग्न झालं होतं या कादंबरीतल्या दाव्यावरून वाद एवढा पेटला होता की पुस्तक न वाचलेलेही नक्की भानगड काय म्हणून बघायला गेले.

जाता जाता, लेखात असंही होतं की मूळ लेखकाला पटकथेपासून लांबच ठेवावं, तो आपलं काही कापू देत नाही. सरसकट असं नाही हो. 'जॉज'च्या पटकथेवर बेंचलींचं नाव आहे आणि 'द गॉडफादर'ची पटकथा मारिओ पुझो यांनी दिग्दर्शक कपोलांसोबत लिहिली, स्वतःच्याच कादंबरीतली आख्खी उपकथानकं बाजूला ठेवून, आणि त्याबद्दल दोघांना ऑस्करही मिळालं.

आपला,
एक नियमित वाचक