स्टॉप बटणाची वायर

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्टॉपचे बटण एनसी (एरवी जोडलेले, दाबले की तुटणारे) असताना लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या शिडीसारख्या दिसणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्याचे चिन्ह एनओचे (एरवी तुटलेले, दाबले की जोडले जाणारे) का, हे काल तुला फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

बटण दाबलेले नसताना त्यातून २४ व्होल्ट पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या, इनपुटपर्यंत पोहोचत असतात, इनपुटचा दिवा लागलेला असतो आणि प्रोग्रॅममध्ये तो बिट १ असतो. १९६८ मध्ये जनरल मोटर्सने रिलेच्या (विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचांच्या) पॅनेलांना पर्याय मागितला, त्यातून पीएलसी आला. रिलेची ड्रॉइंग वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो परका वाटू नये म्हणून लॅडरमध्ये तीच चिन्हे राहिली, आणि घोटाळा होतो तो इथेच. ड्रॉइंगमधले चिन्ह बटण कसे आहे ते सांगते, तर लॅडरमधले एनओचे चिन्ह ‘बिट १ आहे का’ एवढेच विचारते. बटण दाबले की बिट ० होतो, लॅचिंग (स्टार्टचे बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारी जोडणी) सुटते आणि मोटर बंद पडते. वायर तुटली तरीही नेमके हेच घडते, आणि एनसी वापरायचे ते यासाठीच.

मी नवा असताना एका कारखान्यात कन्व्हेअरचे स्टॉप बटण कुणीतरी एनओ जोडले होते. कंपनाने टर्मिनलचा स्क्रू सैल होऊन वायर निसटली, पण मशीन चालूच राहिल्यामुळे ते कोणाला कळले नाही. एका रात्रपाळीत हेल्परची बाही पट्ट्यात अडकली. शेजारच्याने बटण दाबले, पुन्हा पुन्हा दाबले, पट्टा थांबेना. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. हात वाचला, पण दोन बोटे गेली. नंतर पॅनेल उघडले, तर ती वायर टर्मिनलपासून जेमतेम बोटभर अंतरावर लोंबत होती आणि तिचे तांबे काळे पडले होते. ते तांबे मला अजून दिसते.

इमर्जन्सी स्टॉप तर साध्या पीएलसीच्या भरवशावर ठेवूच नकोस, कारण प्रोग्रॅमने आउटपुट बंद केले तरी आउटपुटचा संपर्क चिकटून राहू शकतो. सेफ्टी रिलेमार्फत (फक्त सुरक्षेसाठीच्या वेगळ्या रिलेमार्फत) कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, पुरवठा थेट तुटला पाहिजे; पीएलसीला त्याची नुसती खबर मिळाली तरी पुरे.

कमिशनिंगच्या वेळी, म्हणजे नवे मशीन तपासून ग्राहकाच्या हवाली करताना, ते रिकामे चालवून प्रत्येक स्टॉपची वायर स्वतःच्या हाताने टर्मिनलमधून काढून पाहा. साहेब घाई करतील, ग्राहक घड्याळ दाखवील. तरीही शेवटचे बटण तपासून होईपर्यंत सही करू नकोस.

तुझे,
बाबा