व्हिसाची खिडकी आणि आपले सिनेमे

मा. संपादक,

परवा टीव्हीवर 'इंग्लिश विंग्लिश' पुन्हा बघितला. २०१२ चा सिनेमा, पुण्याच्या शशी गोडबोलेची गोष्ट, मला मनापासून आवडतो, पण अमेरिकेच्या व्हिसाच्या सीनला दरवेळी खटकतं. इंग्रजी येत नाही तर आमच्या देशात कसं निभावणार असं ऑफिसर विचारतो, बाजूचा भारतीय कर्मचारी त्याला गप्प करतो आणि आपण खूश.

खरं तर अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला इंग्रजी यायलाच हवं अशी अट नाही. मुंबईत मराठीतून इंटरव्ह्यू देता येतो, माझ्या आईने बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत तसाच दिला. किती दिवस राहणार, मुलगा काय करतो, मागे घरी कोण, एवढंच विचारलं, दोन-तीन मिनिटांत संपलं. महिनाभर जमवलेली फाइल, बँकेचे कागद, घराचे पेपर, काही उघडायलाच लागलं नाही.

सिनेमावाले खिडकीतला माणूस व्हिलन करतात आणि नियम सुटून जातो. त्यांच्या कायद्यातलं २१४ (बी) कलम असं आहे की तुम्ही तिकडे कायमचं राहायलाच चाललाय हे आधी धरून चालायचं, तसं नाही हे पटवणं तुमच्यावर. ऑफिसर कितीही प्रेमळ असला तरी त्याला पटलं नाही तर नकार द्यावाच लागतो. आमच्या शेजारच्या काकूंना लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं, एका छापील कागदावर नकार हातात आला, १८५ डॉलर फी परत नाही, अपील नाही, परत पहिल्यापासून अर्ज. त्या रात्री काकूंनी लेकीला फोनवर काय सांगितलं असेल, ह्यावर कोणी कथा का लिहीत नाही?

आणि आपल्या वकिलातींचं तर विचारूच नका. परदेशात कोणी वारलं तर देह घरी पाठवायची कागदपत्रं, जेलमधल्या आपल्या माणसाची भेट, पासपोर्ट हरवलेल्याला परतीचा दाखला, ही कामं रोज चालतात, पडद्यावर कुठे दिसतात? १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीयांवरच्या 'एअरलिफ्ट'मध्ये (२०१६) तर सगळा भार एका व्यापाऱ्यावर टाकलाय, परराष्ट्र खात्याला जाहीर आक्षेप घ्यावा लागला. तेव्हा एअर इंडियाने जॉर्डनमधल्या अम्मानहून एक लाखाहून जास्त माणसं आणली, त्यामागे कागद करणारे, याद्या लावणारे सरकारी लोक होतेच ना.

तुमच्या दिवाळी अंकासाठी लिहिणाऱ्यांपैकी कोणीतरी एकदा काचेच्या आतल्या बाजूने गोष्ट लिहावी, एवढी विनंती.

– एक वाचक, ठाणे