सायकल रॅलीला पैसा मिळतो, पंक्चर काढायला नाही

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागच्या सोमवारच्या अंकात सायकल रॅलीचा मोठा फोटो आला होता, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, गळ्यात मेडल, मागं स्पॉन्सरचा बॅनर. चांगलंच आहे, लोक पहाटे उठून सायकलवर बसले यात वाईट काय. पण आम्ही काही जण सांगलीत सायकलचंच काम करतोय, त्यात रॅली नाही म्हणून फोटोही नाही, आणि पैशासाठी दारोदार फिरताना जे जे कळलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापलं तरी चालेल.

काम साधं आहे. लोकांच्या जिन्याखाली, गच्चीवर गंजत पडलेल्या सायकली मागून आणायच्या, ओव्हरहॉल करायच्या आणि शुगर नाहीतर बीपी निघालेल्या चाळिशीपुढच्या बायकांना वापरायला द्यायच्या. भाडं नाही, नको झाली की परत आणून ठेवा. ज्यांना चालवता येत नाही त्यांना सकाळी मैदानावर शिकवायचं, आणि अशाच जास्त, कारण लहानपणी घरात सायकल एकच आणि ती भावाची. रविवारी हरिपूरच्या संगमापर्यंत चक्कर, निघायच्या आधी एक रिटायर झालेल्या सिस्टर सगळ्यांचं बीपी बघतात. डॉक्टरांनी नको म्हटलेल्या पेशंटला आम्ही सायकल देत नाही आणि गोळ्या बंद करा असं तर कुणालाच सांगत नाही, हे आधीच लिहून ठेवतो नाहीतर गैरसमज व्हायचा.

सांगली सपाट गाव आहे, सायकलीसाठी याहून चांगलं काय पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसानं आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, तो भाजी, बँक, नातवाची शाळा एवढ्या फेऱ्यांतच होऊन जातो, वेगळा वेळ काढायला नको, जिमची फी नको, आणि ज्यांना चाललं की गुडघे दुखतात त्यांतल्या बऱ्याच जणींनाही सायकल जमते. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासात देशात 10 कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आणि आणखी 13 कोटींच्या वर लोक त्याच्या उंबरठ्यावर असा अंदाज आहे. म्हणजे काम करायला गिऱ्हाईक कमी नाही.

आता पैशाचं. पहिला सल्ला सगळे देतात तो सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढायच्या पैशाचा, "अहो कंपन्यांकडे पडून असतो पैसा". कायदा 2013 चा आहे, वर्षाला 5 कोटी नफा किंवा 1000 कोटी उलाढाल किंवा 500 कोटी नेटवर्थ असलेल्या कंपनीनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, आणि त्या कामांच्या यादीत आजार होऊ नये म्हणून केलेलं आरोग्याचं काम स्पष्ट लिहिलेलं आहे. वाचून आम्ही खूश. मग कळलं की बाहेरच्या संस्थेला पैसे द्यायचे तर ती रजिस्टर्ड पाहिजे, 12ए (संस्थेला टॅक्स माफी) आणि 80जी (देणगी देणाऱ्याला टॅक्समध्ये वजावट) पाहिजे, सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर घेतलेला पाहिजे, आणि वर तसल्याच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. म्हणजे पैसे मिळवायला तीन वर्षं काम केलेलं पाहिजे आणि ती तीन वर्षं काम करायला पैसे कुठून आणायचे ते आपलं आपण बघायचं. नियम वाईट नाहीत हो, बोगस संस्था कमी आहेत का आपल्याकडे, पण मैदानावर सायकल शिकवणाऱ्या चार माणसांनी सीए, ऑडिट, धर्मादाय ऑफिस यातच सकाळ घालवायची का?

एवढं करून एका कंपनीत भेट मिळाली. साहेब फार चांगलं बोलले, चहा झाला, आणि म्हणाले आम्ही तुम्हाला नव्या सायकली देतो, वाटपाचा कार्यक्रम घेऊ, हँडलला आमचा बोर्ड लावा. आम्ही म्हटलं सायकली आहेत, मिस्त्रीचा पगार द्या. तिथं विषय संपला. मला त्या साहेबांचा रागही येत नाही, पगाराचं उद्घाटन कसं करणार, फीत कुठं बांधणार!

पण खरा खर्च तोच आहे. जुनी सायकल फुकट मिळते ही नुसती म्हणायची गोष्ट. ट्यूब-टायर, ब्रेक शू, चेन बदलायची, चाकाची आऊट काढायची म्हणजे वाकडं चाक सरळ करायचं, सीट बहुतेक उंदरांनी खाल्लेली, धरून चाला हजार-दीड हजार. 2019 च्या महापुरात बुडालेल्या सायकली आमच्याकडे आल्या त्यांच्या हबमध्ये नुसता गाळ, छर्रे सगळे गंजलेले, त्यातल्या काही शेवटी भंगारातच घालाव्या लागल्या. आणि बायकांना बिनदांड्याचीच सायकल पाहिजे, साडी नेसून दांड्यावरून पाय टाकता येत नाही, लोक आणून देतात त्या निम्म्या दांड्याच्या. शिवाय एकदा दिली की संपलं असं नाही, पंक्चर झाली आणि दोन दिवसात निघाली नाही की ती बाई पुन्हा रिक्षानं जायला लागते आणि सायकल परत जिन्याखाली जाते. म्हणून मिस्त्री पाहिजे, महिन्याला ठराविक पैसे देऊन बांधलेला, तोही आता सापडत नाही कारण सायकलची दुकानं बंद करून पोरं मोटारसायकलच्या गॅरेजला गेली. सोबत शुगर तपासायच्या स्ट्रिपा, मशीन एकदाच घ्यावं लागतं पण स्ट्रिपा कायम लागतात. कुठल्याच देणगीच्या फॉर्मवर यासाठी कॉलम नाही.

रॅलीला मात्र पैसे पटकन मिळतात, ते बऱ्याचदा जाहिरातीच्या बजेटमधून येतात, तिथं कागद लागत नाही. केंद्राच्या कंपनी मंत्रालयानं 2014 मध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं की मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरता येणार नाहीत. तरी एखाद्या मॅनेजरला हे सांगितलं की आश्चर्य वाटतं. सायकल ग्रुपवाल्यांनी हे परिपत्रक खिशातच ठेवावं, भेटीत उपयोगी पडतं.

सरकारी पैसाही बहुतेक एकतर रस्त्याला नाहीतर वस्तूला. 2020 ची केंद्राची सायकल्स फॉर चेंज स्पर्धा आठवत असेल, त्यात नागपूर आणि पिंपरी-चिंचवडसकट 11 शहरांना एकेक कोटी जाहीर झाले, पण ते शहरांना, आमच्यासारख्यांना नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते, फार चांगली योजना, शाळा सुटत नाही त्यामुळं, पण तीच मुलगी लग्न होऊन सासरी आली आणि पस्तिशीत शुगर निघाली की तिच्यासाठी कुणी सायकलचा विचार करत नाही. ग्रामपंचायतींना उत्पन्नाचे 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातून शिलाई मशीन, ब्युटी पार्लरचं ट्रेनिंग होतं, सायकल दुरुस्ती कुठल्या ग्रामसेवकानं धरली तर मला बघायला आवडेल. क्राउडफंडिंगचंही तसंच, हार्टचं ऑपरेशन असलं की लोक लगेच पाठवतात, न झालेल्या आजाराचा फोटो काय टाकणार.

आणि सगळे विचारतात, किती जणींची शुगर उतरली आकडा द्या. खरं सांगतो, तो आकडा आम्ही देत नाही. गोळ्या चालू, कुणी भात कमी केला, कुणी चालायलाही लागली, त्यातलं सायकलचं किती ते आमच्यासारख्यांनी छातीठोकपणे सांगू नये. सहा महिन्यांनी सायकल चालू आहे का पडून आहे एवढं आम्ही घरी जाऊन बघतो आणि तेच लिहून देतो, पण ते ऐकून समोरचा नाराज होतो.

मग चाललंय कसं? एक तर आम्ही स्वतंत्र संस्था काढायचा नाद सोडला आणि गावातल्याच एका जुन्या ट्रस्टचा उपक्रम म्हणून काम करतो, त्यांची 80जी आहे, ऑडिट वर्षानुवर्षं होतं, पावती त्यांची. नवीन काम सुरू करणाऱ्यांना माझा हाच सल्ला. दुसरं म्हणजे दरमहा थोडेथोडे देणारी माणसं. 80जी दाखवून आता पगारदार फारसे हलत नाहीत कारण नव्या टॅक्स पद्धतीत ती वजावटच मिळत नाही, पण पुण्या-मुंबईला गेलेली पोरं आईनं सायकल शिकली म्हणून यूपीआयवर पाठवतात, आणि त्यावरच मिस्त्रीचे पैसे निघतात. परदेशातल्यांबद्दल एक काळजी घ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलानं आपल्या कमाईतले बँकेतून पाठवले तर चालतं, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्यानं पाठवले की ती परदेशी देणगी होते आणि त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची परवानगी लागते. मग तो स्वतःच्या आईचा मुलगा असला तरी.

आता मागणं सांगतो. महापालिकेनं आम्हाला पैसे देऊ नयेत, एक बंद पडलेला जकात नाका द्यावा. जकात जाऊन इतकी वर्षं झाली, शटर लावून पडलेत. एक खोली, लाईट, नळ आणि सायकली लावायला पुढं शेड, बास. रॅली घेणाऱ्यांनी टी-शर्ट एक रंग कमी छापावा, वाचतील त्यातून वर्षाच्या ट्यूब येतील. आणि कंपन्यांना विनंती, वस्तू नको, तीन वर्षं एका मिस्त्रीचा पगार द्या, बोर्ड हवा तर त्याच्या ॲप्रनवर लावतो, तो चालेल त्याला, मी विचारलंय.

वाचकांपैकी कुणाकडे बिनदांड्याची सायकल पडून असेल तर तुमच्या ऑफिसात निरोप ठेवावा, टेम्पो आम्ही घेऊन येतो. दांड्याची असली तरी कळवा, मिरजेच्या एका वेल्डरनं दांडा कापून खाली जोडून बघतो म्हणून सांगितलंय.

आपला,
एक वाचक, सांगली