पद्मिनीच्या मुठी चमकवणाऱ्यांना, मनापासून

आमच्या प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारगाडीच्या आतल्या धातूकामाला पुन्हा झळाळी आली. श्रेय ज्यांचं, त्यातल्या बहुतेकांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात आधी प्लेटिंगवाले, म्हणजे धातूवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवणारे काका. दाराच्या मुठी आणि काचेची हँडलं त्यांनी हातात तोलली आणि म्हणाले, "हे लोखंड नाही, मझॅक आहे. ॲसिडमध्ये जास्त राहिलं तर खलास!" मझॅक म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू. क्रोमखाली ओल शिरली की तो आतून फुलतो, वर फोड येतात. काकांनी फोड घासून काढले, सायनाइडच्या टाकीत तांब्याचा पहिला थर दिला (साध्या ॲसिड-तांब्याच्या टाकीत जस्तच खाल्लं जातं), खड्डे बुजेपर्यंत तांबं चढवलं. मग निकेल, आणि शेवटी क्रोमचा पातळसा हात. लोक कौतुक करतात क्रोमचं. खरी मेहनत खालच्या तांब्याची आणि बफवाल्याची, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणाऱ्याची. मुठींच्या कडा गोल न होऊ देता बफ मारणाऱ्या त्या मुलाला तर माझा नमस्कारच.

चोर बाजारातल्या चाचांनी ॲशट्रेचं झाकण शोधून दिलं, घासाघीस मात्र भरपूर केली. आणि जुन्या फियाट डिलाइटमधली (ही पद्मिनीचीच आधीची आवृत्ती) हँडलची पिन काढून देणारे गॅरेजवाले दादा, तुम्ही पैसेच घेतले नाहीत, हे बरं नाही केलंत.

मागच्या डाव्या दाराची मूठ अजून हवी आहे. कुणाकडे असेल तर जरूर सांगा.