काच दाराबाहेर मांडताना

गिरगाव, मुंबई

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पुण्यातल्या तुमच्या गल्लीतल्या मंडळाने चार दिवसांचे कलाप्रदर्शन भरवायचे ठरवले आहे, त्या दिवसांत वाड्यातली तुझी कार्यशाळा लोकांसाठी उघडी ठेवावी असा सगळ्यांचा आग्रह आहे, आणि मोठ्या तावदानाचे काम हातात असताना हे चार दिवस फुकट जातील अशी तुला धास्ती वाटते, हे सगळे समजले. तू माझे मत विचारले आहेस म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. दार उघड, आणि नुसते उघडू नकोस, त्या चार दिवसांत लोकांच्या देखत काम कर.

काचेचे काम करणाऱ्याच्या वाट्याला एकांत मोठा येतो. चित्रकाराला काही चुकले तर रंग खरवडता येतो, शिल्पकाराला माती पुन्हा मळता येते. आपल्याला मात्र भट्टीचे झाकण लावल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत, जाड काम असेल तर त्याहूनही अधिक काळ, आत काय चालले आहे याचा निव्वळ अंदाज बांधत बसावे लागते. सुमारे ८०० अंशांवर तुकडे एकमेकांत विरघळतात, मग ५०० अंशांच्या आसपास काच थांबवून सावकाश निववावी लागते, आणि तिथे घाई केली तर आतला ताण आतच राहून ती काच महिन्याभरानेही, कोणी हात न लावता, तडकू शकते. हे सगळे आपण एकट्याने सोसतो, आणि त्यामुळे आपला धंदा म्हणजे बंद दाराआडचे गुपित आहे असे आपल्याला वाटू लागते. तुझ्या पत्रात मला तीच भावना दिसली.

या गुपिताचा इतिहास फार जुना आहे. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिस शहरातल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवण्यात आल्या आणि पुढे तिथल्या कारागिरांना आपली विद्या घेऊन बाहेर जाण्याची मनाई झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतसुद्धा तापलेली काच ही कारखान्यातली गोष्ट आहे, एकट्या कलावंताने तिच्या वाटेला जाऊ नये, असाच समज होता. तो समज मोडला तो अमेरिकेतल्या टोलीडो शहरात, १९६२ मध्ये. कुंभारकामाचे शिक्षक असलेल्या हार्वी लिटलटन यांनी तिथल्या कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये छोटी भट्टी उभारून कार्यशाळा घेतली. सुरुवातीला मिश्रण नीट वितळेना, तेव्हा डॉमिनिक लबिनो या काचसंशोधकाने भट्टीत सुधारणा केली आणि काचतंतूंच्या कारखान्यात वापरतात त्या काचेच्या गोळ्या वितळवायला दिल्या. काच तर वितळली. पण फुंकायची कशी? तेव्हा त्याच गावातल्या लिबी या काचकारखान्यातून निवृत्त झालेले हार्वी लीफग्रीन नावाचे जुने कारागीर तिथे आले, त्यांनी फुंकनळी हातात घेतली आणि जमलेल्या मंडळींना प्रत्यक्ष करून दाखवले. जगभर ज्याला आज स्टुडिओ ग्लास म्हणतात त्या चळवळीचा हा आरंभ आहे, आणि त्यात गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराचा हातभार आहे. गॅरेजचे दार बंद असते तर ते आले असते का, याचा तू विचार कर.

आपल्याकडेही वेगळे घडलेले नाही. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून एकेक पैसा गोळा केला, लोकमान्यांनी त्या खटाटोपाला बळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. काचकामाचे शिक्षणही तिथे दिले जात असे. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत पोहोचला आणि त्या वस्तीलाच ओगलेवाडी म्हणू लागले. पुण्याहून तळेगाव किती जवळ आहे! ज्या विद्येला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या एकेका पैशाने आपल्या प्रांतात पाय रोवता आले, ती शिकलेल्या मुलीला गल्लीतल्या लोकांचे येणेजाणे अडथळा वाटावे, याचे मला वाईट वाटले, म्हणून एवढे लांबण लावले.

आता मुख्य कारण सांगते, आणि ते भावनेचे नसून कामाचे आहे. तुझी कार्यशाळा वाड्याच्या तळमजल्यावर आहे, तिथे उजेड दिव्याचा. रंगीत काच दिव्याखाली टेबलावर आडवी ठेवून तू रात्रंदिवस बघतेस, तेव्हा तुला दिसतो तो काचेचा पृष्ठभाग. काचेचे खरे रूप तिच्यातून आरपार येणाऱ्या उजेडात असते, आणि हा उजेड घटकेघटकेला बदलतो. कोबाल्टचा निळा सकाळच्या तिरप्या उन्हात पेटून उठतो, दुपारी जड वाटू लागतो, आणि संध्याकाळी बाकीचे रंग मालवल्यावरही टिकून राहतो; तांबडा मात्र सूर्य कलला की सगळ्यांत आधी काळवंडतो. काळा घोडा परिसरात १८८४ मध्ये बांधलेले निळ्या रंगाचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे, ते २०१९ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा उजळले. तिथल्या रंगीत खिडक्या तू आतून पाहिल्या आहेस. त्या खिडक्या कोणत्या वेळी कशा दिसतील हे ज्याने कल्पिले, त्याने काच उन्हात धरून पाहिली असणार, लोकांना त्या उजेडात वावरताना पाहिले असणार. तुमच्या गल्लीच्या प्रदर्शनात चार दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तुझी तावदाने वाड्याच्या पूर्वेकडच्या दारात टांगलेली राहतील. कार्यशाळेत महिनाभर बसून जे कळणार नाही, ते तिथे कळेल. जवळ वही ठेव आणि कोणत्या वेळी लोक कोणत्या तुकड्यासमोर थांबतात ते लिहून काढ.

त्याच काळ्या घोड्याच्या परिसरात १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास कलामहोत्सव भरतो, हे तुला ठाऊकच आहे. पण त्याहूनही मला तिथल्या पदपथाचा आदर वाटतो. जहांगीर कलादालनाच्या बाहेर चित्रे मांडून बसणारे चित्रकार ऑफिसला जाणाऱ्यांच्या गर्दीत, उन्हात, तासन् तास काम करतात, आणि येणाराजाणारा क्षणभर थांबून त्यांच्या खांद्यावरून पाहतो. कलादालनाच्या आत शांतता असते, मान असतो, किंमतही बरी मिळते. तुलाही ते सारे मिळावे अशी माझी इच्छा आहे. तरीही माझ्या मते कलावंताची नजर पदपथावर जास्त तयार होते.

आमच्या चाळीचा अनुभव सांगते. गणेशोत्सवात पटांगणात रांगोळ्या, मुलांची चित्रे, भरतकाम असे सगळे मांडले जाते, त्यात एका वर्षी मीही टेबल टाकून बसले होते. दुपारच्या वेळी, गर्दी ओसरल्यावर, एक वयस्क कासारीण बाई आल्या. त्यांनी काही विचारले नाही. मांडलेला एकेक तुकडा उचलायचा, दोन बोटांत सैल धरायचा, दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारायची आणि कान जवळ नेऊन ऐकायचे, असे त्यांचे चालले होते. पाचसहा तुकडे खणखणीत वाजले. मग एक निळा तुकडा त्यांनी बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हा बद्द वाजतोय, ताई, ह्याला आत चीर असंल." मी तो उन्हात धरून सगळीकडून पाहिला, मला काही दिसेना. भिंग आणले, तेव्हा कडेला, तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीत जाणाऱ्या भागात, केसासारखी चीर सापडली. बांगड्यांचा जुडगा हातात घेऊन त्यातली तडकलेली एक बांगडी आवाजावरून काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. तेव्हापासून पट्टीत बसवण्याआधी मी प्रत्येक तुकडा वाजवून घेते, आणि तूही घेतेस, कारण मी तुला तसे शिकवले. ही विद्या मला कोणत्याही शाळेत मिळाली नाही.

तर आता चार दिवसांची आखणी कशी करावी ते लिहिते. भट्टी आणि गॅसची ज्योत या दिवसांत बंद ठेव. अरुंद गल्ली, लहान मुले आणि जुन्या वाड्याचे लाकूड यांचा मेळ आगीशी घालू नये. शिशाचे काम करून दाखवायचे असेल तर टेबलाच्या तुझ्याच बाजूला, मुलांच्या हाती शिसे देऊ नकोस, आणि खाण्याचे काहीही त्या टेबलावर येऊ देऊ नकोस. डाख देताना धूर निघतो, तेव्हा ते काम दाराशी, वाऱ्याच्या बाजूला कर. काच कापणे मात्र मोकळेपणाने दाखव, कारण त्यात जेवढे नाट्य आहे तेवढे दुसऱ्या कशात नाही. हिरकणी, म्हणजे काच कापायचे हत्यार, घासलेटात बुडवून काचेवरून फिरली की बारीक सळसळ ऐकू येते. रेघ एकसारखी आली हे डोळ्याआधी कानाला कळते. तीच रेघ पुन्हा गिरवायची नसते हे त्यांना सांग, नाहीतर हिरकणीची धार जाते आणि काच भलतीकडे फुटते. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून तुकडा मोडण्याचे काम समोरच्या मोठ्या माणसाला करू दे, हातमोजे आणि चष्मा घालून. काच हुकमाने मोडते, ती केवळ अपघाताने फुटणारी वस्तू नाही, हे ज्याच्या हाताला एकदा कळले त्याची तुझ्या कामाकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

मुलांसाठी दुसरी गोष्ट कर. ध्रुवीकरण करणाऱ्या, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड आरपार जाऊ देणाऱ्या, फिल्मचे दोन तुकडे मी या पत्रासोबत पाठवते आहे. एक उजेडाकडे चिकटव, दुसरा त्याच्यासमोर आडवा फिरवून अंधार होईल असा धर, आणि मधे आधी नीट निवलेला तुकडा ठेव, मग घाईने थंड केलेला. पहिल्यात काहीच दिसणार नाही. दुसऱ्यात चमकणारे पट्टे उमटतील, आणि काचेत अडकून राहिलेला ताण मुलांना डोळ्यांनी पाहता येईल. कोणी विचारील की खिडकीची साधी काच समोरून पांढरी आणि कडेने हिरवी का दिसते. वाळूतल्या लोखंडाच्या अंशामुळे, हे त्याला सांग आणि काचेची कड त्याच्या डोळ्यासमोर धर.

किमतीविषयी तू जे लिहिले आहेस ते खरे आहे. लोक भाव विचारतील, महाग म्हणतील, बाजारातल्या छापील काचेशी तुलना करतील. त्यांच्यावर रागावू नकोस आणि भावही पाडू नकोस. ज्याने तासभर उभे राहून एक फूल जुळताना पाहिले आहे, त्याला किंमत पटवून द्यावी लागत नाही. तो आज घेणार नाही, पण देवघराचे फुटलेले तावदान घेऊन पुढच्या महिन्यात येईल. अशा दुरुस्तीच्या कामांना कमी लेखू नकोस. तुमच्या पेठेतल्या जुन्या वाड्यांत हिरवी, तांबडी, पिवळी तावदाने अजून शिल्लक आहेत, वाडे पडताहेत तशी ती भंगारात जाताहेत, आणि ती कोणाकडे सोपवावीत हे लोकांना ठाऊक नाही. चार दिवसांत हे कळले तरी कितीतरी काच वाचेल.

अमेरिकेतल्या टकोमा शहरात हिलटॉप नावाच्या वस्तीत १९९४ पासून मुलांना विनामूल्य काचकाम शिकवले जाते. डेल चिहुली या नामांकित काचकलावंताचा ते सुरू करण्यात हात होता. मोटार अपघातात एक डोळा गेल्यावर आणि पुढे खांदा दुखावल्यावर त्यांना स्वतः फुंकनळी धरणे अवघड झाले, आणि त्यांचे त्यानंतरचे प्रचंड काम साथीदारांच्या हातांनी झाले. काचेला अनेक हात लागतात. तुझ्या गल्लीतल्या दोन मुली जरी शनिवारी दुपारी तुकडे घासायला, खाके कापायला येऊ लागल्या, तरी मोठे तावदान उचलायला तुला वाट पाहावी लागणार नाही, आणि त्या मुलींच्या हातात एक कसब येईल.

एकांत मात्र राख. प्रदर्शन आटोपले की आठवडाभर कोणाला येऊ देऊ नकोस, जे पाहिले ते मनात मुरू दे, आणि लोकांना आवडले म्हणून तेच फूल पुन्हापुन्हा करत बसू नकोस. मंडळाच्या काकांना माझा नमस्कार सांग. पूर्वेकडच्या दाराच्या चौकटीला वजन पेलेल का हे सुताराकडून आधी पाहून घे, आणि मोठ्या तावदानाची जाडी किती धरली आहेस, भट्टी निववायचे वेळापत्रक कसे लावणार आहेस, ते उलटटपाली कळव. त्याशिवाय भट्टी लावू नकोस.

तुझी,
आई