डोळ्यांवर टॉवेल बांधून सिनेमा पाहणाऱ्या पोरास

प्रिय बाळा,

तुझं नाव कुठं लिहायचं नाही असं तू दोनदा बजावलंस, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार. परवा तू पुण्याला निघाल्याचं सांगायला आलास तेव्हा माझ्या तोंडून फक्त "बरं, जा" एवढंच निघालं. नंतर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आता फोनमध्ये बोलून हे पत्र लिहितोय, शुद्धलेखन सूनबाईनं तपासलंय.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगायला हवं. मी एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होतो, सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात. इतर लोक मुक्कामी गाडीची ड्यूटी टाळायचे, मी मागून घ्यायचो. कारण एकच, सिनेमा. संध्याकाळी गाडी लावायची, वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, पुरं करायचं, आणि पैशांची पिशवी मांडीवर घेऊन रात्रीच्या शोला जाऊन बसायचं. जत्रेतल्या तंबूत जुन्या झिजलेल्या प्रती यायच्या. 'काबुलीवाला' मी असाच पाहिला, १९६१ चा, बलराज साहनींचा. परमुलखातला पठाण आणि शेजारची चिमुरडी मिनी. शेवटी तो तुरुंगातून सुटून येतो, मिनी नवरी झालेली असते आणि तिला तो आठवतही नाही. त्या रात्री गाडीच्या मागच्या बाकावर आडवा पडून मी रडलो होतो, माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

हे डोळे काचबिंदूनं नेले. आधी कडा गेल्या. पडदा दिसायचा, पण पडद्याच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस दिसायचा नाही. ज्यांच्याकडे मी दाखवायला जायचो त्यांनी दोन वर्षं नुसते चष्म्याचे नंबर बदलून दिले, डोळ्यातला दाब एकदाही मोजला नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधानं राखता येते. दोन वर्षांपूर्वी कुणी मोजला असता तर माझ्याकडे राखायला बरंच काही होतं. याचा राग अजून गेलेला नाही आणि तो गेला पाहिजे असंही मला वाटत नाही.

मग घरच्यांनी, नात्यातल्यांनी सल्ले दिले. आता कसला सिनेमा, भजनं ऐका. एके ठिकाणी चांगले सिनेमे दाखवतात म्हणून गेलो. अंधारात शेजारच्याला हळूच विचारत होतो, आता काय झालं, कोण आलं. मागून आवाज आला, "काका, दिसत नाही तर येता कशाला?" मी उठलो आणि खुर्च्यांच्या पाठी चाचपत बाहेर आलो. भरल्या खोलीतलं एकही माणूस दारापर्यंत सोडायला उठलं नाही. पडद्यावर त्या वेळी एक मुलगा एका म्हाताऱ्याचा हात धरून चालत होता, एवढं मला आवाजावरून कळलं होतं.

त्यानंतर आठ महिने मी सिनेमाचं नाव काढलं नाही.

आणि मग आपल्या सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तू भेटलास. फोन बोलका करून दे म्हणून आलो होतो. तू विचारलंस, "ताता, फोनवर काय ऐकणार?" तुमच्या तेलुगूत ताता म्हणजे आजोबा, हे मला सोलापूरच्या पूर्वभागाच्या, तेलुगू वस्तीच्या गाडीवर कळलेलं होतं. बरं वाटलं. म्हणालो, सिनेमा ऐकायचा होता, पण सिनेमा काय ऐकायची गोष्ट आहे? तू फोनवरून मान वर केलीस असं वाटलं, कारण आवाज बदलला. "रविवारी दुकान बंद असतंय. मी येतो की. मी सांगतो तुम्हाला."

असं म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटतात. तू आलास.

पहिला सिनेमा 'श्वास' लावलास. २००४ सालचा, आपल्या मराठीतला, भारताकडून ऑस्करला गेलेला. कोकणातला छोटा परशा, त्याच्या डोळ्यांना कॅन्सर. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचणार, नजर जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेतो, जग डोळ्यात भरून घ्यायला. मी तो पूर्वी पाहिला होता, डोळे असताना. आणि तरी सांगतो, त्या रविवारी तुझ्या तोंडून जास्त कळला. अरुण नलावडे गप्प बसले की तू सांगायचास, "आजोबा त्याच्याकडं बघतोय, पोराला कळू देत नाही." एका वाक्यात आटपायचास. पात्र बोलायला लागलं की तू थांबलेला असायचास. संवादावर तुझा शब्द कधी पडला नाही.

मला वाटलं, पोराला उपजतच अक्कल आहे.

दीड महिन्यानं तुझ्या घरी आलो होतो. तुझी आई विड्या वळत होती, सुपाचा आवाज येत होता. ती म्हणाली, "ह्याला काय खूळ लागलंय की. शनिवारी रात्री डोळ्याला टॉवेल बांधून बसतो, मोबाईल कानाशी धरून. मधीच टॉवेल काढतो, वहीत काहीतरी लिहितो, परत बांधतो. दोन-दोन वाजवतो."

तिला माहीत नव्हतं ती मला काय सांगतेय. मी चहाचा कप तसाच हातात धरून बसलो.

म्हणजे तू प्रत्येक सिनेमा आदल्या रात्री माझ्यासारखा पाहायचास. कुठं नुसत्या आवाजावर भागतंय आणि कुठं अडतंय, हे शोधायला. जिथं अडलं ते मिनिट वहीत. दिवसभर दुकानात बारीक स्क्रू काढून दुखलेले डोळे, आणि त्यांच्यावर तू टॉवेल बांधायचास. एका शब्दानं बोलला नाहीस. आई बोलली नसती तर मला कधी कळलंही नसतं.

बाळा, माझ्या गाडीला एक अंध प्रवासी असायचा. दर गुरुवारी, अक्कलकोटला. पाच-पाच मिनिटांनी विचारायचा, "मास्तर, कुठं आलो?" आणि मी, गर्दी असली की, वैतागून म्हणायचो, "आलं की सांगतो ना, बसा." त्याला काय हवं होतं ते आता कळतं. त्याला उतरायची घाई नव्हती, कुठवर आलो तेवढं हवं होतं. तो माणूस आता असेल की नसेल, माहीत नाही. तू मला एकदाही "सांगतो ना, बसा" म्हणाला नाहीस. तुझे आभार मानताना त्याची माफीही मागतोय, दोन्ही मला एकाच ठिकाणी लागतंय.

मग आपण ठरवून असेच सिनेमे पाहिले, एक पिकलेला आणि एक कोवळा. 'इक्बाल' (२००५). बोलता-ऐकता न येणारा गावाकडचा पोरगा, त्याला क्रिकेट अकादमीतून हाकलतात, आणि शिकवतो कोण, तर दारूत बुडालेला जुना खेळाडू. म्हशी उभ्या करून फिल्डिंग लावतात तिथं तू इतका हसलास की सांगायचं विसरलास, आणि मी तुझ्या हसण्यावर हसलो. 'फँड्री' लावला तेव्हा मी तुला सांगितलं की नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि जेऊर स्टँडचं नाव मी हजारदा पुकारलंय. त्यात सायकलच्या दुकानातला चंक्या त्यांनी स्वतःच केलाय. सिनेमातल्या पोराला, जब्याला, काळ्या चिमणीचं वेड लावणारा. लोक त्या सिनेमात शेवटी जब्या भिरकावतो त्या दगडाबद्दल बोलतात, मला चंक्या आठवतो. गावात त्या पोराच्या स्वप्नाला खरं मानणारा तेवढाच एक मोठा माणूस.

पण एक गोष्ट मला खटकत आलीय. या सिनेमांत बहुतेक वेळा देतो तो म्हातारा, पोरगा घेतो. उलटं क्वचित. 'ब्लॅक'मध्ये आहे थोडं. आंधळ्या-बहिऱ्या मिशेलला पाण्यात ढकलून 'वॉटर' शिकवणारे सर स्वतःच सगळं विसरतात, आणि मग ती त्यांना पावसाचं पाणी हातावर देऊन तोच शब्द परत शिकवते. 'सेंट ऑफ अ वूमन' (१९९२) मध्येही आहे. आंधळा निवृत्त कर्नल फेरारी चालवतो आणि शेजारी बसलेला विद्यार्थी त्याला कुठं वळायचं ते सांगतो. तिथं तू सांगता सांगता थांबलास. मीही काही बोललो नाही.

आणि 'सिनेमा पॅराडिसो'. १९८८ चा, ज्युसेप्पे तोर्नातोरेचा, सिसिलीतल्या गावातला. सगळं इटालियन, खाली इंग्रजी अक्षरं, ती वाचून तू मराठीत सांगणार, अडलं की तेलुगूत. थिएटरचा ऑपरेटर आल्फ्रेदो आणि केबिनमध्ये लुडबुडणारा टोटो. रिळाला आग लागते, पोर त्याला ओढत खाली आणतं, पण डोळे जातात. पुढं मशीन टोटो चालवतो. आपल्याला तो सिनेमा पुरा करायला चार तास लागले, दोनदा चहा झाला. शेवटी आल्फ्रेदोनं मागं ठेवलेलं रीळ लागतं, पाद्र्यानं कापायला लावलेल्या चुंबनांचं. तू लाजून गप्प. नुसतं संगीत चाललेलं. मग हळूच म्हणालास, "ताता, हे पण कापलेलंच आहे. हे पण." तुझा आवाज भरून आला होता. मी तसं काही पाहिलं नाही, पण त्या संध्याकाळी माझ्यासमोर पडदा होता, हे मी शपथेवर सांगेन.

जगात सभ्य माणसं खूप आहेत, यावर माझा विश्वास आठ महिने उडालेला होता. तो तुझ्यामुळं बसला. चांगुलपणाला पद लागत नाही, शिक्षण लागत नाही, शनिवारची झोप मात्र लागते.

आता तू निघालास. पुण्यात चांगलं काम मिळालंय, जायलाच हवं. आल्फ्रेदो टोटोला बजावतो, जा, आणि परत येऊ नकोस. मोठ्या मनाचा माणूस म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात. मला ते पटलं नाही, त्या दिवशीही तुला म्हणालो होतो. तीस वर्षं पोरगा येत नाही आणि येतो तो थेट याच्या मयतीला. मी तसलं काही सांगणार नाही. तू ये. हुतात्मा एक्स्प्रेसनं रात्री उतरलास तर रिक्षा करू नकोस, फोन कर, मुलगा घ्यायला येईल. जानेवारीत गड्डा, आपली सिद्धेश्वराची जत्रा, असतो, तेव्हा सुट्टी मागून ठेव.

कुरोसावाचा शेवटचा सिनेमा राहिलाय आपला, 'मादादायो', १९९३ चा. निवृत्त मास्तर आणि त्याला न सोडणारे त्याचे विद्यार्थी. जपानी आहे, वेळ लागेल, दोन रविवार धर.

तुझ्या आईकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिलीय, बॅगेत वरच ठेव. चटणीचा डबा स्टीलचा आहे, झाकणावर सूनबाईचं नाव कोरलंय. तो परत आणून द्यायचा आहे.

तुझा,
ताता